नमतं घेणारा धातू

वाफेचं इंजिन म्हटलं की मनात लोखंड आणि पोलादच येतं. शंभर टनांच्या त्या धुडात मऊ असं काही असेल हे पटत नाही. पण ज्यांनी इंजिनं उघडून पाहिली त्यांना ठाऊक असे, की सगळा भार जिथे फिरत्या आसावर टेकतो नेमका तिथेच चाकूने खरवडता येईल असा एक धातू बसवलेला असतो. कथील, थोडं अँटिमनी, थोडं तांबं. कारखान्यात त्याला सरळ ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. घरी टेबलावर जुळवायची इंजिनांची छोटी किट याच कुळातल्या धातूची असतात. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: या धातूची सगळी करामत त्याच्या नमतं घेण्यात आहे.

मुंबईतल्या घोडपदेवच्या माणसाला हे चटकन कळावं. पश्चिमेला भायखळा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती तिथूनच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा सुरुवातीचा कारखानाही भायखळ्याला होता, 1879 मध्ये तो परळला गेला. पूर्वेला रे रोड आणि कॉटन ग्रीन, त्यापलीकडे 1915 साली सुरू झालेली पोर्ट ट्रस्टची मालगाड्यांची रेल्वे, आणि जुनी जहाजं तोडणारा दारूखाना. आगगाडी, कारखाना आणि भंगार यांच्या मधोमध वसलेली ही वस्ती. इथे धातूची किंमत त्याच्या कामावरून ठरते, चकाकीवरून नाही.

मग मऊ धातूचं काम काय? आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने 1839 मध्ये अशा धातूचं अस्तर लावलेल्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. पोलादी आस पोलादावरच फिरवला तर दोन्ही एकमेकांना खातात. मधे व्हाइट मेटल असलं की ते आसाच्या आकाराप्रमाणे स्वतःला बसवून घेतं. तेलातून वाळूचा कण आला तर तो पोटात घेतं, आसावर ओरखडा उमटू देत नाही. तेल आटलं, बेअरिंग तापलं, तर साधारण 240 अंशांच्या पुढे ते वितळायला लागतं, आणि महागडा आस बचावण्याची संधी मिळते. झिजलेलं अस्तर काढून नवं ओतायचं, निळा रंग लावून टेकणाऱ्या जागा बघायच्या आणि स्क्रेपरने हलके हलके खरवडायच्या, हे फिटरचं रोजचं काम असे.

बॉयलरमध्येही हीच युक्ती. भट्टीच्या छतात शिसं भरलेली एक बुची असते. वर पाणी आहे तोवर ती शाबूत, कारण दाबाखालचं ते पाणी दोनशे अंशांच्या आसपास असतं आणि शिसं वितळायला 327 लागतात. पाणी उतरलं की बुची वितळते, वाफ भट्टीत सुटते आणि इंजिनवाल्यांना धोका कळतो. जो आधी वितळतो तो मोठा अनर्थ टाळतो.

आता टेबलावर येऊ. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात व्हाइट मेटलच्या किटचा छंद फोफावला. रबराचा साचा गरगर फिरवून त्यात वितळलेला धातू ओततात. रबर टिकतं, कारण धातू फार तापवावा लागत नाही. म्हणून लहानशा कारखान्यालाही धुराडं, घुमट, रिव्हेटच्या रांगा असे बारीक भाग काढता येतात.

पण साच्याच्या दोन फाकांमधली रेघ प्रत्येक भागावर उमटलेली असते, आणि ती काढण्यातच निम्मा वेळ जातो. धातू मऊ असल्याने कानशीच्या दातांत भरून बसतो. उपाय शाळेतला: कानशीवर आधी खडू घासायचा. घाई केली तर रेघेबरोबर रिव्हेटही जातात. मऊ धातूवर जोर करायचा नसतो.

जोडणीत तर कल्हईवाल्याची आठवण होते. नेहमीचा तापलेला डाखणी खिळा लावला तर भागच ओघळून जातो. म्हणून बिस्मथ असलेला, सत्तर अंशांना वितळणारा डाख वापरतात. तो पितळेच्या सांगाड्याला नीट धरत नाही, म्हणून पितळेवर आधी साध्या डाखाची कल्हई करायची. एवढं करूनही धुराडं वाकडं बसलं तर? इंजिन उकळत्या पाण्यात सोडायचं. शंभर अंशांना डाख सुटतो, भाग मात्र जसेच्या तसे राहतात. इतकी सहज दुरुस्त होणारी चूक फार थोड्या कामांत मिळते.

माणसालाही नमतं घ्यावं लागतं. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. 1:76 या प्रमाणात तिचे रूळ 22 मिलिमीटर अंतरावर हवेत, पण बाजारात सहज मिळतात ते 16.5 चे. मग एक तर रूळ स्वतः घडवा, नाही तर इंजिन थोड्या अरुंद पायांवर उभं करा. चाकांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी नव्वद अंशांत आणि एका बाजूचे सगळे क्रँक एका रांगेत हवेत. एखादं चाक जरा चुकलं की दांडे अडतात आणि इंजिन लंगडतं. रंगाचे हात पातळ द्यायचे, जाड रंगाखाली ओतकामातले बारकावे बुजतात. लालबाग-परळच्या मूर्तिशाळा पाहिलेल्यांना हे सांगायला नको. आखणी शेवटी होते, पण ती उठून दिसते खालच्या घासकामामुळे.

असं तयार झालेलं इंजिन तळहातावर घेतलं की ते जड लागतं. ते वजनच त्याची ताकद. चाकं रुळाला धरतात आणि मागचे डबे ओढले जातात. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी 1998 साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं, तर अशा चिमुकल्या रेल्वेमागे केवढी चिकाटी लागते याचा अंदाज येईल.

या मऊ धातूची एकच अट कडक आहे. किटच्या ओतकामात बहुधा शिसं असतं. कानस चालवताना काही खाऊ नका, भुगा ओल्या फडक्याने पुसा आणि उठताना हात साबणाने धुवा.