बैठक कोणाची?

"पुढच्या महिन्यात समूहाची बैठक कोणाकडे घ्यायची?" हा प्रश्न विचारला की आमच्या वाडीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग नेहमीचेच एखादे घर पुढे येते आणि बाकीच्यांना सुटल्यासारखे वाटते. आम्ही काही वर्षे समूहाचे ॲनिमेटर म्हणून काम करीत आहोत. मागे एकदा वही उघडून पाहिली, तर फिरून फिरून तीच सात-आठ घरे. इतर घरची माणसे बैठकीला येत, पण आपल्याकडे बोलावत नसत. ही श्रद्धेतली उदासीनता आहे असे आम्ही समजत होतो आणि एकदोनदा तसे बोलूनही दाखवले.

खरे कारण एका मावशींनी सांगितले, तेही बैठक संपल्यावर कप विसळता विसळता. "तुमच्याकडे सँडविच, केक आणि वर थंडा. आम्ही काय नुसता चहा द्यायचा?" त्या पहाटेच्या लोकलने फुले घेऊन दादरला जातात. त्यांच्या या एका वाक्याने आमचे सगळे बोल आमच्यावरच उलटले.

करिंथच्या मंडळीत असेच घडत होते. ज्यांच्याकडे पुष्कळ होते ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते मान खाली घालून बसत. संत पौलाला हे कळले तेव्हा त्याने फार कडक शब्दांत लिहिले. आमच्या वाडीत कोणी कोणाला उपाशी ठेवले नव्हते. उलट आग्रह करून करून वाढत होतो. पण तो आग्रहच कोणासाठी तरी दार बंद करीत होता.

मग आम्ही चौघांनी बसून ठरवले: बैठकीनंतर फक्त चहा. नियम चांगला होता, तरी घोटाळा झालाच. एका घरचा मुलगा दोन वर्षांनी बोटीवरून सुट्टीला आला होता. आईवडिलांना त्या आनंदात समूहाला गोडधोड द्यायचे होते आणि आम्ही नियम दाखवला. ते गप्प झाले. पुढचे दोन महिने त्या घरचे कोणी फिरकले नाही. आता वाटते, चूक नियमात नव्हती. चौघांनी तो ठरवला ही चूक होती. प्रेषितांच्या कृत्यांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार आली, तेव्हा बारा प्रेषितांनी आपापसात माणसे नेमली नाहीत. सर्व शिष्यांना एकत्र बोलावून त्यांनाच निवड करायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटपाचे काम गेले. आम्ही मावशींना विचारलेसुद्धा नव्हते.

लहान ख्रिस्ती समूहांची ही पद्धत आपल्याकडे आली तेव्हा वसई धर्मप्रांत स्थापन झाला नव्हता, तो १९९८चा. त्याआधी आपण मुंबई धर्मप्रांतात होतो आणि १९८०च्या दशकात तेथे समूहांचे काम सुरू झाले. बायबल वाचनाच्या ज्या सात पायऱ्या आपण वापरतो, त्या दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत ओस्वाल्ड हिर्मर आणि फ्रित्झ लोबिंगर या दोन धर्मगुरूंनी घडवल्या. प्रभूला बोलावणे, वाचन, मनाला भिडलेला शब्द पुन्हा उच्चारणे, मग शांतता, मग आपले मनोगत, त्यानंतर काही काम हाती घ्यायचे का याचा विचार, आणि शेवटी प्रार्थना. यात प्रवचन कुठेच नाही. पाचव्या पायरीवर तर दुसऱ्याच्या बोलण्यावर टीकाटिप्पणीही करायची नसते.

सांगायला सोपे आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या सभांना आपली माणसे लोटत. तेथे वक्ता बोलायचा आणि लोक ऐकायचे. सभा म्हणजे एक बोलणारा आणि बाकी ऐकणारे, हेच आपल्या अंगवळणी पडले आहे. घरातल्या ओटीवर वीस माणसे बसली तरी आपण शोधतो तो वक्ताच. कोणी नसला तर ॲनिमेटर ती जागा घेतो. आम्हीही घेतली.

आम्हाला सर्वांत जड जाते ती चौथी पायरी. एका बैठकीत तीन मिनिटे शांत बसायचे ठरले होते. दीड मिनिट होत नाही तोच आम्हाला राहवेना आणि आम्ही गीत सुरू केले. निघताना लाल लुगड्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मी आता बोलणारच होते." इतक्या वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. काय सांगायचे होते, असे पुढच्या वेळी विचारले तर त्या नुसत्या हसल्या. त्यांना प्रमाण मराठीचा संकोच वाटतो असे त्यांच्या सुनेने सांगितले. तेव्हापासून मनोगताच्या वेळी कादोडीत बोलले तरी चालते. पण त्या दिवशीचे त्यांचे बोलणे गेले ते गेलेच.

उलट बाजूही आहे. एक काका पंधरा मिनिटे बोलतात. ते वयाने मोठे, त्यांना थांबवायचे कसे? वडीलधाऱ्यांचे बोलणे तोडू नये असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण शेजारी बसलेल्याला काही सुचले तर पहिल्याने गप्प व्हावे, असे पौलानेच करिंथकरांना सांगितले होते आणि त्यात त्याने वयाची सवलत ठेवलेली नाही. आम्ही अखेर काकांच्या घरी जाऊन, चहा घेता घेता हे बोललो. चारचौघांत बोललो असतो तर तो अपमान झाला असता. काका थोडे रागावले, नंतर येऊ लागले. अजूनही लांबवतात, पण मधून घड्याळ पाहतात.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये रोमला झालेल्या सिनडमध्ये कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक माणसे एकाच गोल टेबलाभोवती बसली. प्रत्येकाला ठराविक वेळ, मधे शांतता, आणि दुसऱ्या फेरीत आपले नव्हे तर दुसऱ्याकडून ऐकलेले काय भिडले ते सांगायचे. टेबलावरच्या संवादकाला मताचा अधिकार नव्हता. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. बैठक चालवणाऱ्याचे मत बैठकीवर बसू नये यासाठी एवढी काळजी. आम्ही मात्र वाचन सुरू होण्याआधीच त्याचा अर्थ सांगून मोकळे होतो!

मागच्या महिन्यात मावशींनी स्वतःहून बैठक मागितली. त्यांची खोली एकच, म्हणून चटया गच्चीवर टाकल्या. शेजारच्या इमारतीतली दोन नवी कुटुंबे आली, एक मंगळूरचे आणि एक तमिळ. वाचन मराठीत झाले आणि त्यातल्या एका मुलीने ते आईला हळू आवाजात समजावले. सहाव्या पायरीवर टँकरच्या पाण्याच्या पैशांचा विषय निघाला आणि प्रार्थनेची वेळ होऊनही संपेना. आम्हाला थांबवावेसे वाटत होते. आजीही त्यात बोलल्या. मावशींना पहाटेची गाडी होती, म्हणून साडेनऊला त्यांनीच उठून चहा आणला.