सही आणि अंगठा



चामड्याचा एक चेंडू. बाजारात त्याला एक भाव. त्यावर एखाद्या नामवंत खेळाडूने सही केली की भाव कैकपट. चेंडू तोच, कातडं तेच, शिवण तीच. मग वाढलं काय? आपल्याला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. देणंघेणं आहे. कातडं कमावणाऱ्या हाताला या देशाने शिवून घेतलं नाही आणि सही करणाऱ्या हाताची पूजा केली.

अमेरिकेत बेसबॉलवरच्या सह्यांचा मोठा बाजार आहे. तिथल्या एफबीआयने १९९०च्या दशकाअखेर खोट्या सह्यांचे कारखाने धुंडाळले. त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन बुलपेन'. सापडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते! श्रद्धा असली की गिऱ्हाईक डोळे मिटूनच पैसे मोजतं. उद्या कुणी बाबासाहेबांची सही म्हणून एखादं पुस्तक विकायला आणलं तर आपण काय करू? पहिल्यांदा हात जोडू, का पहिल्यांदा तपासू?

तपासणाऱ्याची रीत साधी आहे. खरी सही धावते. खोटी सही काढलेली असते, चित्र काढावं तशी. शाई थरथरते, लेखणी भलत्याच जागी थांबते. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर संशय घ्यावा. एवढं करूनही तज्ज्ञ चुकतात. म्हणून २००१ पासून तिथल्या मोठ्या लीगने साक्षीदारच नेमले. त्यांच्या डोळ्यांदेखत सही झाली तरच चेंडूवर नंबराचं चकाकतं लेबल लागतं.

पण साक्षीदाराने पाहिलं काय? हात पाहिला. हातामागचं मन त्याला दिसलं का?

आपल्याच चेंडूवाल्याकडे बघा. बाळू पालवणकर. जातीने चांभार, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर सवर्णांना त्याची गोलंदाजी चालायची, पण चहा त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. याच बाळूची सही २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर आहे. त्याच कागदावर बाबासाहेबांचीही आहे. बाळू गांधींच्या बाजूचा. पुढे १९३७ साली काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. बाबासाहेबांनी सही केली तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गांधींचं उपोषण चालू होतं. गांधी मेले असते तर गावोगावच्या आपल्या वस्त्यांचं काय झालं असतं, हे काय सांगायला पाहिजे? तज्ज्ञ दोन्ही सह्यांना एकच दाखला देईल : अस्सल. शाई अस्सल, हात अस्सल. आणि मानेवरची सुरी? ती कुठल्या भिंगातून दिसते?

आता आपल्या किनाऱ्यावर या. अलिबागच्या खारेपाटात खोत-सावकारांनी कुळांकडून कबुलायतींवर अंगठे घेतले. गंमत बघा. सहीची नक्कल करता येते, अंगठ्याची करणं महाकठीण. तरी सहीवाला साहेब आणि अंगठेवाला अडाणी! तो अंगठा शंभर टक्के खरा होता. पण कागदात काय लिहिलंय ते कुळाला कुणी वाचून दाखवलं? 'नाही' म्हणायची सोय होती का? नाही म्हणायची सोय नसते तिथे 'हो'ला काय अर्थ? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ एवढी वर्षं जमिनी कसल्या नाहीत. उपाशी राहिले, पण 'नाही' म्हणाले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ साली कायदेमंडळात मांडलं.

याच जिल्ह्यात महाड आहे. तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव केला : चवदार तळं सगळ्यांना खुलं. ठराव अस्सल होता. पण तीन वर्षं आपल्या माणसाने त्या तळ्यावर पाय ठेवला नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागून हजारोंनी भरली, तेव्हा कुठे तो कागद खरा झाला. मग त्याच पालिकेने ऑगस्टमध्ये ठराव रद्द केला. कागद फिरला. प्यालेलं पाणी फिरवता आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, कुणी जमिनीचं संमतीपत्र पुढे करील, कुणी समझोत्याचा कागद दाखवील, म्हणेल, 'ही बघा तुमच्याच माणसाची सही.' सही खरी का खोटी, हे जरूर तपासा. पण तिथे थांबू नका. तिघांचा जबाब घ्या. वाचून कुणी दाखवलं? समोर कोण बसलं होतं? आणि 'नाही' म्हटलं असतं तर त्या रात्री त्याच्या घरात चूल पेटली असती का?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ती सही हाताची आहे, माणसाची नाही.