जीव वाचला ना?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन बाई घरी आली की भेटायला जाणारे आपण बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘जीव वाचला ना, मग रडायचे कशाला?’ बंधुभगिनींनो, हे वाक्य प्रेमाचे खरे, पण न्यायाचे आहे का? फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) यांचे म्हणणे असे की, शरीर ही माझ्याजवळची एखादी वस्तू नव्हे. मी माझे शरीरच आहे. तेव्हा त्या बाईचे सामानातले काही हरवलेले नसते, ती स्वतःच जखमी झालेली असते. जगल्याचा आनंद आणि गमावल्याचा शोक एकाच उरात राहू शकतात.

चांगल्या नर्सला हे कळते. नळीतून बाटलीत साचलेला स्राव ती रोज मोजते, काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजू शकतो हे समजावते, भिंतीवर बोटे हळूहळू वर चढवायचा व्यायाम शिकवते. पण पट्टी सोडताना मात्र ‘आज बघायचे, की नंतर?’ असे विचारून थांबते. हे थांबणे डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

आणि घरी? आठवडाभरात तिच्या हाती पुन्हा पाण्याची कळशी येते. ती उचलू शकणारे धडधाकट मुलगे तिथेच बसलेले असतात.