अर्पणाच्या वेळी आपण काय आणतो?



काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक भगिनी मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटली. ती म्हणाली, "फादर, मी शिलाईच्या कारखान्यात नगावर काम करते. रविवारी चर्चला आले की तेवढे नग बुडतात. इथे बसूनही कधीकधी डोक्यात तोच हिशेब चालतो. मग माझी मिस्सा देवाला पोहोचते का?"

मी घाईघाईत "पोहोचते, पोहोचते" म्हणून मोकळा झालो. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आज त्याचे नीट उत्तर देतो.

आपल्या उल्हासनगरहून निघून दिव्याला गाडी बदलली की आपण वसईला पोहोचतो. त्याच वसईत सुमारे १५५६ साली संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. ते व्यापारात शिरले आणि त्यांचा चांगला जम बसला. तरी मन रमेना. धंदा सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, तोही साधा ब्रदर म्हणून. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर त्यांना दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पाठवण्यात आले. ते गेले.

पुढे सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. क्रुसावरून त्यांनी देवाची स्तोत्रे गायली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

बंधु-भगिनींनो, आज्ञापालन, त्याग आणि उपासना या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे इथे दिसते. गोन्सालोंनी आज्ञा पाळली, त्या आज्ञेची किंमत मोजली तो त्याग झाला, आणि तोच त्याग क्रुसावर स्तुतिगीत झाला. मात्र हेही लक्षात घ्या: त्यांनी वरिष्ठांचे ऐकले, पण श्रद्धेच्या आड येणारा राजाचा हुकूम मानला नाही. आज्ञापालन म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. देवाच्या इच्छेला स्वतःहून दिलेला तो होकार आहे. गेथशेमानी बागेत प्रभू येशूने हाच होकार दिला (मत्तय २६:३९).

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. मनुष्याचे स्वातंत्र्य आणि आज्ञा यांवर मी पानेच्या पाने लिहिली. पण बदलीचे पत्र हातात पडले तेव्हा माझ्याच मनात कुरकुर सुरू झाली. रमलेले काम सोडून इथे येताना मी आज्ञा पाळली, पण खळखळ करीत. ती कुरकुर घेऊनच मी आपल्या वेदीपाशी उभा राहिलो आणि एके दिवशी ती प्रभूच्या स्वाधीन केली. तेव्हापासून मी खऱ्या अर्थाने इथला झालो.

म्हणून त्या भगिनीला माझे उत्तर असे: बाई, तुमचे बुडालेले नग हेच तुमचे अर्पण आहे. डोक्यातला हिशेब लपवू नका. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात तेव्हा तोही प्रभूपुढे ठेवा. ज्यांची सुट्टी शुक्रवारी असते आणि रविवारी रजा मिळत नाही, जे अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांपाशी बसून राहतात, त्यांचाही त्याग प्रभू जाणतो.

या आठवड्यात एक गोष्ट करू या. जे कर्तव्य आपण टाळतो आहोत, मग ते रुसलेल्या भावाशी बोलणे असो की घरातली रोजची प्रार्थना, ते कुरकुर न करता पार पाडू या. आणि पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी ते मनाने वेदीवर ठेवू या. रिकाम्या हाताने कोणी येऊ नये.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू