घर पाहावे दुसऱ्याने बांधलेले

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने केली, त्याला दोन्ही कामांत माणूस कसा बुडतो एवढंच सांगायचं होतं. पण घर बांधणारा एकटा असतो आणि पाहणारे गावभर असतात, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. बांधणाऱ्याला कर्ज होतं, पाहणाऱ्याला सगळं फुकट मिळतं. आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, तर मग ठेवायची तरी कशाला?

यवतमाळात संध्याकाळी पायी फिरायचे रस्ते ठरलेले आहेत. कुणी आर्णी रोडने जातो, कुणी दारव्हा रोडने, कुणी धामणगाव रोडने. पूर्वी थोडं चाललं की गाव संपायचं आणि पऱ्हाटी सुरू व्हायची. आता पऱ्हाटीच्या जागी ले-आउट पडले आणि ले-आउटच्या कोपऱ्याकोपऱ्यावर बंगले उगवले. बंगला म्हणजे कसा? समोर चार खांब, रोमला असतात तसे. त्यांच्यावर घुमट, राजस्थानात असतो तसा. गच्चीला काचेचा कठडा, दुबईला असतो म्हणे तसा. आणि सगळ्यांच्या वर काळी प्लास्टिकची टाकी, ती मात्र अस्सल आपली. खांबांवर भार कशाचाच नाही; लग्नात वरपक्षाचे काका उभे असतात तसे ते नुसते उभे असतात. फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. टिपेश्वरच्या जंगलात खरे वाघ असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे परगावचे सिंह कशाला लागतात, कोण जाणे! आणि एवढं सगळं करून संगमरवरी पाटीवर घराचं नाव काय? तर 'पर्णकुटी'.

आम्हा फिरणाऱ्या चौघांचा अशा बंगल्यापाशी पाय हमखास अडखळतो. एक जण म्हणतो, "पाह्यलं काय बाप्पा, एवढ्या घरात राह्यते कोन? दोन म्हतारे! पोरगा पुन्याले, पोरगी अमेरिकेत." दुसरे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यांना रंग सोसत नाही. तिसरे आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतात, "पैसा आला कुठून?" हा प्रश्न त्यांनी गेल्या दहा वर्षांत निदान चाळीस घरांना विचारला असेल. एकाही घराने उत्तर दिलेलं नाही.

मजा अशी की कारणं तीन निघाली, तरी राग एकच असतो. उद्या तोच बंगला मास्तरांच्या आवडत्या रंगात रंगवला, त्यात बारा माणसं राहायला आली आणि मालकाने पै-पैचा हिशेब फाटकावर लावला, तरी आम्ही चौथं कारण शोधून काढू. मग हा नुसता मत्सर म्हणायचा का? बंगल्याची बाजू घेणारे तसंच म्हणतात. "तुला जमलं नाही म्हणून जळतोस." पण एवढ्यावर वाद मिटत नाही. जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खरंही असू शकतं. दात दुखणारा माणूस चिडून 'पाऊस येतोय' म्हणाला, म्हणून पाऊस थांबत नाही.

शिवाय बंगलेवाल्याला आपल्या जळण्याचा अंदाज आधीच असतो. घर अर्धं उभं राहिलं की तो वर काळी बाहुली टांगतो, नाहीतर जीभ बाहेर काढलेला राक्षसाचा मुखवटा. वास्तूच्या दिवशी दारावर कोहळा येतो. म्हणजे लाखो रुपये खर्चून असं घर बांधायचं की रस्त्याने जाणाऱ्याची नजर त्यावर पडलीच पाहिजे, आणि पडलेली नजर लागू नये म्हणून पन्नास रुपयांची बाहुली बांधायची! थोर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन पंडिताने १८९९ साली अख्खा ग्रंथ लिहून सांगितलं की श्रीमंतांचा बराचसा खर्च दुसऱ्यांनी तो पाहावा म्हणूनच असतो. काळ्या बाहुलीने तेच एका शब्दाशिवाय सांगून ठेवलं आहे.

नजरेची ही भीती जुनी आहे. रोममध्ये पब्लियस व्हॅलेरियस नावाचा एक पुढारी होऊन गेला. त्याने टेकडीवर मोठं घर बांधायला घेतलं, तशी हा राजा व्हायला निघाला अशी कुजबुज सुरू झाली. त्याने घर पाडून टाकलं; प्लुटार्क तर सांगतो, एका रात्रीत! आपल्याकडे असं कुणी करत नाही, फार तर एक खांब कमी करतो. पहिल्या बाजीरावाने शनिवारवाडा बांधला, १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. दगडी बांधकाम राजालाच शोभतं अशी तक्रार साताऱ्याला गेली, म्हणून खाली दगड आणि वर विटा अशी तडजोड झाली, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण शेजाऱ्यांनी तक्रार केली हा भाग मला अगदी पटतो.

बरं, मोठं घर वाईट आणि लहान चांगलं, असा सोपा हिशेब धरावा, तर तोही टिकत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. झोपडीचा खर्च पाचशे रुपयांच्या आत ठेवा, अशी त्यांची अट होती. आपण पाहुण्यांना ती कुटी दाखवायला नेतो. सगळे जण हळू आवाजात म्हणतात, "किती साधं!" आणि परतीच्या वाटेवर गाडीत पीओपीच्या छताचे भाव निघतात. 'पर्णकुटी' हे नाव त्याच गाडीत सुचत असावं.

आणि जुन्या वाड्यांचं आपल्याला जे कौतुक, ते तरी कशाचं? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून व्यापारी, सावकारांचे वाडे उठले. सागवानी खांब, नक्षीची तुळई. कुणाकुणाच्या शेताचे कागद त्या वाड्यांतल्या पेट्यांत पडून होते, हे आज कोणी विचारत नाही. शंभर वर्षं उलटली की दिखाऊपणाला आपण वारसा म्हणतो. सिमेंटचे सिंह अजून तेवढे जुने झालेले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

एकदा हा विषय मी एका गवंड्यापुढे काढला. तो म्हणाला, "तुमाले शिंव्ह पटत नसन साहेब, मले दोन महिने भाकर त्याईनंच देली." यावर काय बोलणार? आणि ज्याचा बाप कुडाच्या भिंतीत, गावकुसाच्या कडेला जन्मला, कुणी कुठे राहायचं हे जात ठरवायची त्या गावात, त्याच्या पोराने नोकरी करून, कर्ज काढून दोन मजले चढवले, तर त्या घराचा रंग मला कधीच भडक वाटत नाही. तो रंग मास्तरांना उद्देशून नसतो. तो गावातल्या गढीला दिलेला जवाब असतो.

तरीही माझं मन पुरतं शांत होत नाही, आणि त्याचं कारण हा जिल्हा आहे. चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्या तारखेला आजही अनेक लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर अशा किती बातम्या या जिल्ह्याने वाचल्या, मोजवत नाहीत. बंगल्याचे चार खांब कमी केले असते तर कुणाचं कर्ज फिटलं असतं का? नसतं. दोन गोष्टींचा हिशेब एका वहीत बसत नाही, हे मला कळतं. पण बाजाराच्या दिवशी त्याच रस्त्याने एसटीतून माणसं खेड्याकडे परत जातात आणि खिडकीतून तेच घर पाहतात. बांधणाऱ्याने दाखवायला बांधलं, तर कुणाकुणाला दिसणार याचा विचार त्यानेच करायचा ना?

मला त्या घरांत उंचीपेक्षा एक उणीव जास्त खटकते. वाड्याला ओटा असायचा. सावकार कितीही कठोर असो, उन्हातून आलेला माणूस ओट्यावर टेकायचा, आतून पाण्याचा गडवा यायचा. बंगल्याला ओटा नाही. आठ फुटी भिंत, तिच्यावर काचा आणि 'कुत्र्यापासून सावध राहा'.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली, नळ कोरडे पडले आणि सारं शहर टँकरच्या मागे धावायला लागलं. तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सिंहवाल्या बंगल्याच्या मालकाने बोअरचा पाइप फाटकाबाहेर सोडला. सकाळी सहा ते आठ. रांगेत आम्ही चौघेही होतो, हातात गुंड्या घेऊन. घर नको तितकं मोठं आहे, बोअरही नको तितका खोल आहे, यावर रांगेत एकमत होतं. मालक बनियनवर उभा राहून पाइप धरत होता. मास्तरांची पाळी आली तेव्हा त्याने विचारलं, "सर, घराले रंग द्यायचा हे औंदा, कोनता देऊ?" मास्तर गुंडीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाच ऱ्हाऊ द्या. लांबून दिसते."