दादरा आणि भेंडी

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास आणि गाण्याचा तास एकाच खोलीत भरायचे, फक्त वार वेगळे. मंगळवारी बाईंची पेटी उघडायची आणि आम्ही मांडीवर टाळी देत, हवेत हात उडवत दादरा म्हणायचो. शुक्रवारी त्याच बंद पेटीवर चादर अंथरून सुरई आणि दोन कांदे मांडले जायचे आणि सर म्हणायचे, ‘आता आवाज नको.’ त्या सुरईखालच्या चादरीच्या चुण्या मी चार वर्षं काढल्या, पेटी मात्र कधीच काढली नाही. वही तपासताना सरांचा एक शेरा ठरलेला असे: ‘रेषेत लय नाही.’ लय म्हणजे काय हे मंगळवारी शिकवलं जायचं, पण ते शुक्रवारी वापरायचं असतं असं कुणी सांगितलं नाही.

भाषेला ही वाटणी कधीच मान्य नव्हती. ‘ताल’ हा शब्दच घ्या. तबल्यावरचा ताल सगळ्यांना माहीत असतो. मूर्ती घडवण्याच्या जुन्या शास्त्रात मात्र ताल हे माप आहे. बारा अंगुळांचा एक ताल, साधारण चेहऱ्याच्या लांबीएवढा. त्या हिशेबाने मूर्ती नवताल किंवा दशताल ठरते. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागायला येतो. ऋषी सांगतात, त्यासाठी आधी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. राजा बिचारा मूर्तीसाठी आलेला, त्याला गाण्यापर्यंत मागे पाठवलं. (हा दाखला दिला की ‘आपल्याकडे सगळं होतंच’ म्हणणारे खूश होतात. त्या संवादात मूल कुठेही नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं.)

मुलाला या गोष्टीच्या मध्यभागी बसवलं ते फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग गावात त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्यातली पहिली वस्तू म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. आईने दोरी धरून चेंडू झुलवायचा आणि सोबत गायचं: इकडे, तिकडे, वर, खाली. रंग, दिशा, गोलाई ही नावं कळण्याआधीच बाळ त्यांच्या तालावर डुलू लागतं. 1844 मध्ये त्याने आयांसाठी पुस्तक काढलं, त्यात गाणी, चित्रं आणि बोटांचे खेळ एकत्र होते. पुढे प्रशियाच्या सरकारने 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली. बंदी काही वर्षांत उठलीही. माझ्या मते या कल्पनेचं खरं नुकसान नंतरच्या शिस्तप्रिय शिक्षकांनी केलं. खेळसाहित्यातले ठोकळे कोणत्या क्रमाने काढायचे, कसे ठेवायचे, कधी परत पेटीत भरायचे, याची कवायत झाली. गाणं राहिलं, पण घंटेसारखं.

नंतर ही कल्पना उगवली ती वायमारमध्ये, 1919 मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत. तिथले विद्यार्थी मोठे होते, तरी त्यांना बालवर्गातल्यासारखं नव्याने सुरू करायला लावलं जायचं. गेरट्रूड ग्रुनोव ही संगीताची शिक्षिका तिथे स्वर, रंग आणि शरीराची हालचाल यांची सांगड घालून शिकवायची: बारा स्वर, बारा रंग. चित्रकार वासिली कांडिन्स्कीने त्याआधी, 1911 च्या सुमारास, पिवळ्याला ट्रम्पेट, फिक्या निळ्याला बासरी आणि गडद निळ्याला चेलो असे आवाज जोडून दिले होते. 1923 मध्ये त्याने बाउहाउसमधल्यांना प्रश्नावली वाटली: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांपैकी कुणाचा रंग कोणता? त्याचं स्वतःचं उत्तर होतं पिवळा त्रिकोण, तांबडा चौकोन, निळं वर्तुळ.

मला हे कोष्टक कधीच पटलं नाही. आमच्या आगरी-कोळी वस्तीतल्या पोराला पिवळ्याचा आवाज विचारला तर त्याला हळद आठवेल, आणि हळदीबरोबर बँजो. ट्रम्पेटही असेल त्यात, पण तो नवरदेवाच्या मामासाठी वाजतो, पिवळ्या रंगासाठी नाही. रंग आणि स्वर यांचं नातं प्रत्येकाचं आपापलं असतं. ते भिंतीवर तक्ता करून टांगलं की मूल ऐकणं सोडून तक्ता पाठ करतं.

चित्रकार पॉल क्ले हाही बाउहाउसमधलाच शिक्षक, 1921 पासून. पण त्याची वाट वेगळी. तो व्हायोलिन वाजवायचा, आणि कोणता स्वर कोणत्या रंगाचा असल्या प्रश्नात फारसा अडकला नाही. त्याने हालचालीकडे पाहिलं. बिंदू चालू लागला की रेषा होते, मात्रा पुन्हा पुन्हा आली की चौकटी पडतात. संगीतकार बाखच्या एका रचनेतले काही बार त्याने वर्गात आलेखासारखे मांडून दाखवले: स्वर किती वेळ टिकतो तेवढी रेषा लांब, वजन वाढलं की जाड. हे चार वर्षांच्या मुलालाही जमतं, कारण त्यात पाठ करण्यासारखं काही नाही. कान ऐकतो तसा हात जातो.

आपल्याकडे मुलाला मध्यभागी बसवणारी वाट भावनगरहून आली. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ, आणि 1957 मध्ये दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. मॉन्टेसोरी पद्धतीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे आले. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, आणि तिचं नाव अंगणवाडी झालं.

ही अंगणं वारल्यांची होती. तिथे लग्नाचा चौक भिंतीवर लिहिला जातो तो गप्प बसून नाही. तांदळाच्या पिठाने सवासिनी रेषा ओढत असतात आणि गाणी चालू असतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गायल्याशिवाय लग्न लागत नाही. तारप्याच्या नाचात नाचणारे वादकाकडे पाठ फिरवत नाहीत. ती एकमेकांना धरून वळत जाणारी साखळीच चित्रात पांढऱ्या वेटोळ्यासारखी उतरते. म्हणजे पाय गेले तिथून रेषा गेली. त्या मुलांना चित्र वेगळं आणि गाणं वेगळं, हे शिकवायचं शाळेकडेच उरलं होतं, आणि बहुतेक शाळांनी ते चोख शिकवलं. कार्यानुभवाचा तास, चित्रकलेचा तास, संगीताचा तास. आता सरकारी धोरणात कला सर्व विषयांत मिसळायची म्हणतात. मिसळा, पण निदान आपसांत तरी आधी मिसळा.

गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या बालवाडीत मला पेटीवर बसवलं गेलं. चौदा मुलं, चार ते पाच वर्षांची. भेंडी आडवी कापून ठसे तयार होते, बशीत गेरू, आणि प्रत्येकासमोर वर्तमानपत्राची लांब पट्टी. ठरलं असं: दादऱ्याच्या सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. प्रत्येक मात्रेला एक ठसा. चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी नाही, तिथे कागद मोकळा.

पहिल्या फेरीत धुडगूस झाला. भेंडी हातात आली की मुलांना थांबायचं नसतं. पेटी तिसऱ्या मात्रेवर आणि पोरं पट्टीच्या टोकाला. ताईंनी भेंड्या काढून घेतल्या, गेरूने माखलेल्या हातांनीच टाळ्या द्यायला लावल्या. चौथ्याला हात उडवायचा, हवेत. पाच मिनिटं नुसतं हेच. मग पुन्हा पट्ट्या. आता पेटी जरा ठाय वाजवली. तीन ठसे, मोकळी जागा, मग पाच ठसे, मोकळी जागा, पुन्हा पाच. पट्ट्या एकाखाली एक मांडल्या तर नऊवारीचे काठ दिसावेत तसं झालं. नक्षी, अंतर, पुनरावृत्ती हे शब्द ताईंनी एकदाही उच्चारले नाहीत. एका मुलाने ठशाच्या पाकळ्या मोजल्या आणि ओरडला, ‘इथं पण पाच!’

एका मुलीच्या पट्टीत मात्र मोकळी जागाच नव्हती. प्रत्येक चौथ्या मात्रेवर तिने गेरूचा आडवा, फिका फराटा ओढला होता, तळहाताने पुसल्यासारखा. ताई वाकून म्हणाल्या, ‘अगं, इथे खाली होती ना?’

‘खालीला हात हलतो की,’ ती म्हणाली आणि पुन्हा हलवून दाखवला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ठेका पुन्हा धरला. तेवढ्यात शेजारच्या दोघातिघांनी आपापल्या पट्ट्यांवरच्या मोकळ्या जागा पंजाने पुसायला घेतल्या, आणि ताईंना फडकं आणि बादली आणायला उठावं लागलं.