पाळणा लांबवताना

बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, दूध पुरतंय का विचारलं आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "पाळणा लांबवायचं काय ठरवलंय?" मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुम्हीच सांगा बाई." तांबीची मला भीती वाटायची, निरोधवर दोघांचाही भरवसा नव्हता आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला माला-डीसारख्या गोळ्या पहिले सहा महिने देत नाहीत, कारण त्यांतल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. राहिलं तीन महिन्यांचं इंजेक्शन. दंडात टोचलं, कार्डावर पुढची तारीख पडली. सगळं मिळून पाच मिनिटं.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. त्या पाच मिनिटांचा विचार मी अधूनमधून अजून करते.

इंजेक्शनने पाळी अनियमित होईल एवढं सांगितलं होतं. अनियमित म्हणजे काय, ते घरी कळलं. सलग अठरा-वीस दिवस डाग जायचे, मध्ये चार दिवस बरे, पुन्हा सुरू. सासरी देवघराचा नियम कडक. सासूबाई प्रेमळ, पण त्यांचा हिशेब चुकायला लागला. "अगं, अजून तुझी अडचण संपली नाही?" असं त्यांनी स्वयंपाकघरात विचारलं की मी कणीक जास्त जोरात मळायची. आणि खरं सांगायचं तर रात्री तेच डाग माझ्या कामी यायचे. नवरा जवळ सरकला की "अजून जातंय रे" म्हटलं की काम भागायचं. तो समजूतदार होता, कूस बदलून झोपायचा. जागी राहायचे ती मी, कारण डाग हे निमित्त होतं हे मला ठाऊक होतं. मुळात इच्छाच होत नव्हती. नवरा आवडेनासा झाला होता असंही नाही. तो बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचा तेव्हा मला त्याच्याबद्दल भरून यायचं. पण ते भरून येणं गळ्यापर्यंतच असायचं, खाली उतरायचं नाही.

आपल्या भाषेत बाळंतिणीच्या प्रत्येक दुखण्याला शब्द आहे. कंबर धरते, दूध चढतं, वारं लागतं. त्यावर शेक आहे, शेगडी आहे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा आहे. मला जे झालं होतं त्याला मात्र आईपाशी म्हणता येईल असा शब्द नव्हता. मैत्रिणीला सांगितलं तेव्हाही मी "कंटाळा आलाय" एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "बाळ मोठं झालं की जाईल."

तिचं चूक नव्हतं, हे पुढे वाचत गेले तेव्हा कळलं. बाई अंगावर पाजते तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, बीजकोश निजलेले असतात आणि इस्ट्रोजेन इतकं खाली जातं की योनीमार्ग पाळी गेलेल्या बाईसारखा कोरडा पडतो. त्यात टाक्यांची जागा ओढते, झोप तुकड्यातुकड्यांची, दिवसभर अंगाला एक जीव चिकटलेला. रात्री आणखी कुणी हात लावू नये असं वाटलं तर नवल काय? आता यावर इंजेक्शन. त्यातलं 150 मिलिग्रॅम प्रोजेस्टिन अंडं बाहेर पडूच देत नाही आणि बीजकोशांची ती झोप लांबवतं. इच्छा कमी होणं हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, वजन वाढणं आणि उदास वाटणं यांच्या शेजारी. पण कित्येक बायकांना असं काहीच होत नाही. दुसरं मूल राहील ही धास्ती गेल्याने काहींना उलट मोकळं वाटतं. माझ्या जावेने तेच इंजेक्शन दोन वर्षं घेतलं आणि तिला त्याचं कौतुकच आहे.

म्हणजे दोष नेमका कुणाचा, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. गोळी असती तर आठ दिवस थांबून पाहता आलं असतं. टोचलेलं औषध परत काढता येत नाही. ते निदान तीन महिने अंगात राहतं, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. ज्या औषधातून मधेच उतरता येत नाही, त्यात चढवण्यापूर्वी बाईशी पाच मिनिटांहून अधिक बोलावं, एवढीच माझी तक्रार आहे.

ही तक्रार काही माझा शोध नाही. असंच एक इंजेक्शन, नेट-एन, बायकांना पुरतं न सांगता टोचतात म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि काही जणी 1986 साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. मी घेतलं तसंच इंजेक्शन सरकार 2017 पासून 'अंतरा' नावाने फुकट देतं, आणि खेड्यातल्या बाईला तांबी आणि ऑपरेशन यांच्याखेरीज आणखी एक वाट मिळाली हे मला चांगलंच वाटतं. पण 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांच्या नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के होतं आणि पुरुषांच्या नसबंदीचं 0.3. वाटा बहुतेक बाईच्याच अंगातून जातात, मग त्या निदान नीट दाखवाव्यात.

बाईच्या सुखाचा विचार आपल्याकडे पूर्वी झाला होता. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यांच्या लेखी संततिनियमन हे बाईला भीतीवाचून सुख घेता यावं यासाठीही होतं. 1952 साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम आला. त्याने लोकसंख्येचा आकडा उचलला आणि सुखाचा भाग कर्व्यांच्या जुन्या अंकांत ठेवून दिला. भिंतींवरचे त्या कार्यक्रमाचे लाल त्रिकोण आणि चित्रं पाहत मी लहानाची मोठी झाले. चित्रांतली बाई कायम हसरी असायची, आणि तिच्या कडेवर मूल.

तिसरं इंजेक्शन मी घेतलं नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, दिवा मालवून, कारण उजेडात जमलं नसतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं, मीच नकोसा झालो." पुन्हा निरोध आला. कोरडेपणावर मी घरचा उपाय म्हणून खोबरेल तेल काढलं. नशीब, बहिणीने फोनवर अडवलं. तेलाने रबर खराब होतं, पाण्याची जेली आण म्हणाली. दुकानात ती मागायला नवरा गेला आणि सोबत दोन साबण, एक टूथपेस्ट घेऊन आला, म्हणजे जेली त्यांच्यात लपेल.

त्यानंतर सातेक महिन्यांनी, रविवारी दुपारी, पोरगी झोपलेली आणि बाहेर पाऊस, मीच त्याचा हात धरला. इंजेक्शनचा अंमल ओसरला होता म्हणून? पण त्याच महिन्यात मी पोरीचं अंगावरचं दूध तोडलं होतं, आणि त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा रात्रभर न उठता झोपली होती. नवऱ्याने विचारलं, "औषध उतरलं वाटतं?"

"हळू बोल," मी म्हटलं, "उठेल ती."